बेळगावहून जर्मनीला एम.एस.: कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

खानापूर_मेक

व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ), मेकॅनिकल, सातवं सेमिस्टर चालू. सीजीपीए ८.०, बॅक नाही. पुढच्या ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीत सरकारी विद्यापीठात एम.एस.ला जायचं आहे. पासपोर्ट अजून काढलेला नाही. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्ककार्डावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. पीयूसी (अकरावी-बारावी) आणि इंजिनिअरिंगच्या मार्ककार्डांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. पुण्यातले मित्र म्हणतात पुण्यातनं व्हिसा टाक, जवळ पडेल. वडिलांच्या नावावर दोन एकर शेत आणि गावात घर आहे, कर्ज काढायचं आहे. आधी काय, नंतर काय? महाराष्ट्राची शिष्यवृत्ती आपल्याला मिळते का?

टिळकवाडी_डेस्क

आधी नाव. बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे.

पासपोर्टवर आद्याक्षर चालत नाही, ते उलगडून पूर्ण लिहावं लागतं. तुमची पीयूसी आणि डिग्रीची कागदं पूर्ण नावाची आहेत, म्हणजे पासपोर्ट त्यांच्याबरहुकूम काढायचा: 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, 'सरनेम'मध्ये आडनाव. सरनेमचा रकाना रिकामा ठेवू नका. विमान कंपनीपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांच्या संगणकाला आडनाव लागतं. एसएसएलसीतला क्रम वेगळा आहे एवढ्यानं काही अडत नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून फाइलीत ठेवा.

अडतं ते स्पेलिंगमध्ये. आपल्याकडं शाळेच्या रजिस्टरात नाव कन्नडात, तिथनं कुणीतरी इंग्रजीत उतरवलेलं. जाधवच्या शेवटी एक 'ए' चिकटतो, चौगुलेत 'यू'च्या जागी 'डब्ल्यू' येतो. असा फरक एसएसएलसी आणि डिग्रीत असेल तर दुरुस्ती खालून वर करत यायची: शाळेमार्फत एसएसएलसी, मग पीयूसी, मग व्हीटीयू. त्याला महिने जातात, म्हणून आजच सगळी मार्ककार्डं टेबलावर मांडून एकेक अक्षर जुळवा. आधार आणि पॅनही त्यातच धरा.

जन्मगावाचं बेळगाव की बेळगावी याची चिंता नको. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पासपोर्टवर जे येईल तेच पुढं प्रत्येक फॉर्मात लिहा.

पासपोर्ट: ३६ पानी, साधा, फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. बेळगावच्या हेड पोस्टातल्या केंद्रात तारीख मिळाली नाही तर हुबळी बघा. जन्माच्या पुराव्याला तुम्हाला एसएसएलसी चालते. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना. आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, तेव्हा तो हातात आल्याशिवाय परीक्षेची तारीख धरू नका.

एपीएस_आणि_ग्रेड

वरच्या उत्तराला जोडून. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मन स्टुडंट व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. फी १८,००० रुपये. आता गाडी अडते ती इथं, कारण बरीच विद्यापीठं आणि युनि-असिस्ट (बऱ्याच विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) अर्जाच्या वेळीच ते मागतात. म्हणजे ते व्हिसाच्या आधीचं नव्हे, अर्जाच्या आधीचं काम आहे. सातव्याचा निकाल लागला की लगेच टाका, डिग्रीची वाट बघत बसू नका. ज्यांना बॅक होती त्यांनी नापास प्रयत्नांची मार्ककार्डंही जोडावीत. फक्त पास झालेली जोडली की सेमिस्टरांचा हिशेब जुळत नाही आणि उलट प्रश्न येतो.

ग्रेडचं गणित नीट समजून घ्या. सूत्र असं: १ + ३ × (कमाल − तुमचे) ÷ (कमाल − किमान उत्तीर्ण). जर्मनीत १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. तुमचे ८, कमाल १०. किमान ४ धरलं तर १ + ३ × २ ÷ ६ = २.०. किमान ५ धरलं तर १ + ३ × २ ÷ ५ = २.२. काही अभ्यासक्रमांची अट २.५ आत असते, काहींची २.० आत, म्हणजे या एका आकड्यानं तुम्ही आत किंवा बाहेर. त्यामुळं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरांचं एकत्र गुणपत्रक) मागताना तुमच्या स्कीमची ग्रेडिंगची पद्धत आणि किमान उत्तीर्ण पातळी त्यावर किंवा सोबतच्या पत्रावर छापून घ्या. नाहीतर तिकडचा माणूस आपल्या समजुतीनं आकडा धरतो. व्हीटीयूचं मुख्यालय मच्छेला, आपल्या दारात आहे. बिदरच्या पोराला जे पोस्टानं करावं लागतं ते तुम्ही समोर बसून तपासून घेऊ शकता, घ्या की फायदा.

युनि-असिस्टला पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. १५ जुलै ही तारीख सगळीकडं ऐकाल, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी अभ्यासक्रमांची मुदत पुष्कळदा मार्च ते मे मध्येच संपते. आणि 'जर्मनीत फी नाही' हे अर्धंच खरं: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या टीयूनंही (तंत्रविद्यापीठानंही) २०२४-२५ च्या विंटरपासून लावली. त्याच राज्यातलं स्टुटगार्ट, कार्ल्सरूह यादीत असेल तर हा आकडा आधी मांडा. मेकॅनिकलवाल्यांच्या यादीत ती दोन हमखास असतात.

कर्ज_आणि_युरो

पैशाचं मी सांगतो.

ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याला, १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, तिकडं गेल्यावर त्यातनं महिन्याला ९९२ सुटतात. भरायच्या दिवशी जर्मन वकिलातीच्या साइटवर आकडा पुन्हा बघा. युरो शंभराच्या घरात धरला तर १२ लाख झाले, तेही एकरकमी. आणि कर्ज नेमकं इथंच फसतं. बँका पैसे सेमिस्टरवार सोडतात, ब्लॉक्ड अकाउंटला पूर्ण रक्कम एकदम लागते. म्हणून मंजुरीपत्रात 'ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम एकरकमी वितरित' असं लिहून घ्या. मॅनेजरच्या तोंडी 'होऊन जाईल'वर जाऊ नका.

दोन एकर शेत तारणाला जवळजवळ निरुपयोगी. थकीत कर्जात तारण जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा, त्यातनं शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँक तिला हात लावत नाही. घर चालेल, पण गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू उतारा, नमुना ९ आणि ११अ लागतो. ११ब असेल तर बँक नाक मुरडते. सोबत कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरनं बोजा दाखला काढा. घर आजोबांच्या नावावर असेल किंवा काकांबरोबर वाटणी झालेली नसेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील, हे घरात आत्ताच बोलून घ्या. ऐन जूनमध्ये भावकीचा विषय निघाला की वर्ष गेलं. कर्ज कोल्हापूरच्या शाखेतनं काढायचा विचार असेल तर सोडून द्या. उतारे कन्नडात, तिथला वकील ते भाषांतराला पाठवणार. बेळगावच्या शाखेच्या पॅनेलवरला वकील तेच कागद रोज वाचतो.

पैसे पाठवताना: लहान गावच्या शाखेत परकीय चलनाचं काम बहुधा होत नाही, बेळगावच्या मोठ्या शाखेत जा. परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर परपज कोड (कारणाचा क्रमांक) एस-०३०५, शिक्षणाचा. चार्जेसच्या जागी 'अवर' निवडा, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याकडं. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते, खात्यात ११,९०४ च्या जागी ११,८८० पडतात आणि व्हिसाला लागणारं पत्र निघत नाही. तरीही पन्नासेक युरो वर पाठवा. वडिलांच्या स्वतःच्या पैशातनं वर्षाला १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर टीसीएस (बँकेनं आगाऊ घेतलेला आयकर) कापतात, तो विवरणपत्र भरताना वळता होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातनं गेलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

शिष्यवृत्ती: महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना तिथला अधिवास दाखला मागतात. सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाला वेगळी सोय आहे, म्हणून इथंही असेल असं धरून चालू नका. प्रवेश मिळाल्यावर डॉइचलांडस्टिपेंडियम या जर्मनीतल्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, महिन्याला ३०० युरो.

टिळकवाडी_डेस्क

पुण्याचा विषय राहिला. व्हिसा कुठं टाकायचा हे अंतरावर ठरत नाही, राहता कुठं यावर ठरतं. कर्नाटकातले रहिवासी बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडं, महाराष्ट्रातले मुंबईकडं. चंदगडचा मुलगा मुंबईच्या हद्दीत, त्याच्यापासून तासाभरावरचे तुम्ही बेंगळुरूच्या. आधारवर खानापूर आणि अर्ज पुण्यात असं केलंत तर काउंटरवरनं परत याल. पुण्याचा खरा उपयोग जर्मन शिकायला आणि परीक्षेला, माक्स म्युलर भवन (जर्मन भाषेची संस्था) तिथं आहे, बेंगळुरूतही आहे.

फॉर्म आणि कागद आता जर्मन सरकारच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर चढवायचे, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जायचं. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीची गाडी धरा. वंदे भारत बेळगावहून पहाटे सुटते खरी, पण बेंगळुरूला पोचेतो दुपार होते.

आणखी एक. व्हिसा नाकारला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो मार्ग १ जुलै २०२५ पासून बंद आहे. आता नव्यानं अर्ज, नाहीतर बर्लिनचं कोर्ट. नावाच्या अक्षरांवर आधी एवढं लिहिलं ते त्यासाठीच.

खानापूर_मेक

सगळ्यांचे आभार. घराचा उतारा उद्याच बघतो. एक बारकं विचारायचं होतं: आई कुंदा आणि तूप बांधून देणार म्हणते, नेता येतं का?

एपीएस_आणि_ग्रेड

नाही. युरोपीय संघाबाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, तूपही त्यातच आलं. कस्टमवाले काढून टाकतात, वर दंडही होऊ शकतो. चटण्या आणि मसाले बांधून द्यायला सांगा. कुकर नेलात तर जादा रिंग आणि शिटी घ्या. विजेचा आपला बारीक दोन पिनी प्लग तिथं बसतो, तीन पिनी बसत नाही.