ऑफिसच्या पीसीचा बोर्ड बदलतोय, विंडोजचं काय करायचं?

खजिनदार, ए-२०३: सोसायटी ऑफिसच्या पीसीचं सामान आलं. आय३-१२१०० प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी). आताचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ बसत नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. रविवारी माणूस येतोय. जुनी एसएसडी नव्या बोर्डाला लावली की सगळं होतं तसं चालू होईल ना?

सी-७०२: काका, आधी मशीन चालू असतानाच दोन गोष्टी बघून सांगा. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, 'बायोस मोड'समोर काय लिहिलंय? आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', मग स्पेस, मग स्लॅश 'डीएलआय' असं टाइप करा (अक्षरं इंग्रजीतच). जी खिडकी येईल तिच्यात 'चॅनल'च्या आधीचा शब्द कोणता?

खजिनदार, ए-२०३: बायोस मोड लेगसी. चॅनल रिटेल.

सी-७०२: रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स आहे, हे फार बरं झालं. ओईएम (पीसीबरोबरच आलेलं) असतं तर लायसन्स जुन्या बोर्डाबरोबरच संपलं असतं, नवीन घ्यावं लागलं असतं. 'व्हॉल्यूम केएमएस' (मोठ्या संस्थांना एकत्र मिळणारं) असं दिसलं असतं तर दुकानदाराने टाकलेलं लायसन्स सोसायटीचं नाहीच असं समजायचं.
आता सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर जा आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. 'डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हे वाक्य दिसेपर्यंत कॅबिनेट उघडू देऊ नका. अकाउंट सोसायटीच्या ईमेलवरच काढा, कोणाच्या खासगी ईमेलवर नको. कमिटी बदलते, पीसी तिथेच राहतो.

बी-१०४: विंडोज १० ची डिस्क दुसऱ्या बोर्डावर लावली तरी बहुतेक वेळा उठते. पाच-दहा मिनिटं 'गेटिंग डिव्हायसेस रेडी' दाखवतं आणि चालू होतं. नव्याने टाकायचा घाट कशाला?

सी-७०२: दादा, उठते, पण बूटची (पीसी सुरू होण्याची) पद्धत तीच असेल तर. इथे डिस्क लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीची, एमबीआर मांडणीची. नव्या इंटेल बोर्डावर प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरलं तर लेगसी बूट मिळतच नाही, चालू केलं की पुन्हापुन्हा बायोसच (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) उघडेल. लोक अशा वेळी डिस्क गेली म्हणतात, डिस्कला काहीही झालेलं नसतं.

बी-१०४: एमबीआर टू जीपीटी करून, म्हणजे डिस्क नव्या मांडणीत बदलून घेता येईल की. विंडोजमध्येच सोय आहे, डेटा जात नाही.

सी-७०२: येईल, आधी 'व्हॅलिडेट' (नुसती तपासणी) करून बघायचं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. पण नवी एनव्हीएमई आलीच आहे, तर जुन्या डिस्कला हात का लावायचा? नवीन विंडोज एनव्हीएमईवर टाकू, जुनी एसएसडी आहे तशी बाजूला ठेवू. काही राहिलंच तर तिच्यावरून घेता येईल. माझं मत याच बाजूने.

बी-१०४: हे पटलं.

डी-५०१: टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) विसरू नका. लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुन्या पीसीवर इंटरनेट चालू असताना एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. मगच बोर्ड काढायचा. डेटाचा फोल्डर बहुधा सी ड्राइव्हमध्ये युझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो. तो अख्खा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नुसता डेस्कटॉपचा बॅकअप घेतला तर हिशेब त्यात येत नाहीत.
डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही नव्याने टाकावा लागतो. सही टोकनमध्येच असते, ती जात नाही.

सचिव, सी-३०१: जुन्या नोटिसा आणि इतिवृत्तं योगेश, सुरेख अशा फॉन्टमध्ये आहेत. त्या उघडतील का?

डी-५०१: ताई, ते फॉन्ट युनिकोड नाहीत. नव्या विंडोजमध्ये नसतील तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नसते. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते आत्ताच पेनड्राइव्हवर घ्या.

सी-७०२: रविवारचा क्रम लिहितो, येणाऱ्या माणसालाही दाखवा.
किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११ तयार ठेवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). बोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅन (केबलचं नेटवर्क) आणि चिपसेटचे ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर. सेटअप मध्येच इंटरनेट मागतो आणि लॅनचा ड्रायव्हर नसेल तर गाडी तिथेच अडते. तसं झालं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.
बायोसमध्ये इंटेल पीटीटी (विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय) चालू, सिक्युअर बूट चालू. 'धिस पीसी कान्ट रन विंडोज ११' आलं तर पहिलं पीटीटी बघायचं.
इन्स्टॉल करताना फक्त एनव्हीएमई जोडलेली हवी. जुन्या एसएसडीची केबल काढाच. दोन डिस्क असतील तर बूटचा भाग कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतो, आणि ती डिस्क काढली की पीसी उठत नाही.
डिस्क निवडताना 'अनअलोकेटेड स्पेस' निवडून पुढे जा, १०० एमबीचं ईएफआय वगैरे पार्टिशन सेटअप स्वतः करतो. होम की प्रो, जे जुनं तेच निवडा. चुकलं तर ॲक्टिव्हेट होत नाही. कीच्या पानावर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की'.
डेस्कटॉप आला की ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली'. यादीतून जुना पीसी निवडायचा. म्हणून आधी त्या पीसीला ओळखू येईल असं नाव द्या.

ए-६०४: माझ्या लॅपटॉपची एसएसडी बदलली, तर सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये दिसते.

सी-७०२: अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा इंटेल असेल तर व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची वेगळी पद्धत) चालू असणार. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि त्याच पानावर 'लोड ड्रायव्हर' करा. झिप तशीच ठेवली तर सेटअपला सापडत नाही.

ए-६०४: दिसली. धन्यवाद.

खजिनदार, ए-२०३: जुनी एसएसडी महिनाभर ठेवू का?

सी-७०२: लेखापरीक्षण होईपर्यंत ठेवा, वर तारखेची चिठ्ठी लावून. अजून एक, नवीन विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. पुढे बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती अकाउंटमध्ये जतन होते, तरी छापून कपाटातल्या फाइलला लावा.

सचिव, सी-३०१: फाइल क्रमांक ७ मध्ये लावते. किल्ली माझ्याकडे आणि अध्यक्षांकडे आहे.