गॅल्विन रद्दीत घाला म्हणणाऱ्यांना

पर्वती_पायथा
परवा घाटउतार यांनी गॅल्विनबद्दल (ऑपरेटिंग सिस्टीमचं कॉलेजातलं जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठावर डायनासोर) लिहिलं: "ऑपरेटिंग सिस्टीम शिकायला पुस्तक लागत नाही. लिनक्स टाका, मोडा, जोडा, आपोआप येतं. गॅल्विन परीक्षेपुरता, नंतर रद्दीत." दोन दिवस गप्प बसलो. पण खाली पोरं 'पटलं, पटलं' लिहीत सुटली, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पहिल्या नोकरीत आमची पैशांच्या व्यवहारांची एक सेवा रात्री-अपरात्री अडकायची. एरर नाही, सीपीयू शांत, मेमरी ठीक, नुसती थांबलेली. तीन आठवडे सगळे रीस्टार्ट मारत होते. मोडा-जोडा काय असेल ते करून झालं होतं. मी थ्रेड डम्प काढला, म्हणजे प्रोग्राममधला प्रत्येक थ्रेड (एकाच वेळी चालणारं काम) कुठे अडकलाय त्याची यादी. एका थ्रेडने खातं 'अ'चं लॉक धरलंय आणि तो 'ब'साठी थांबलाय. दुसऱ्याने 'ब' धरलंय आणि तो 'अ'साठी थांबलाय. अशा एकमेकांत अडकण्याला डेडलॉक म्हणतात. त्याच्या चार अटी कॉलेजात घोकल्या होत्या, आणि चारपैकी एक मोडली तरी पुरतं हेही तिथंच वाचलं होतं. म्हणून नियम केला: लहान खाते क्रमांकाचं लॉक आधी, मोठ्याचं नंतर. वर्तुळ पूर्णच होईना. बदल चार ओळींचा होता. त्या चार ओळी मला पुस्तकाने दिल्या.

घाटउतार
माझंच नाव घेतलंय म्हणून उत्तर देतो. साहेब, जे-स्टॅक (जावाचा थ्रेड डम्प काढणारं टूल) स्वतःच छापतो की डेडलॉक सापडला, अमुक थ्रेड, अमुक लॉक. त्यासाठी हजार पानांचा डायनासोर कशाला?

आता माझं ऐका. मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. कॉलेजात डिस्क शेड्यूलिंगचं (डिस्कचं हेड कुठल्या क्रमाने फिरवायचं त्याचं) गणित सोडवलं: हेड 53 वर, रांग 98, 183, 37, 122, 14, 124, 65, 67. आल्या क्रमाने गेलात तर 640 सिलिंडर, जवळचा आधी घेतलात तर 236. आजही झोपेत सांगेन. आणि नोकरीत पहिल्या दिवशी एनव्हीएमई ड्राइव्हचा (एक प्रकारच्या एसएसडीचा) शेड्यूलर बघितला तर तिथे लिहिलेलं 'नन'. एसएसडीत हेडच नाही, फिरणार काय? दहा मार्कांसाठी तीन रात्री घातल्या त्याचा राग अजून आहे.

आणि गँट चार्ट, सीपीयू कुणाला कधी मिळाला त्याचे चौकोन! लिनक्समध्ये सीपीयू वाटायला 2007 साली सीएफएस शेड्यूलर आला, 2023 मध्ये 6.6 पासून तोही जाऊन ईईव्हीडीएफ आला. आमची पोरं अजून क्वांटम (प्रत्येकाला मिळणारा वेळ) 4 धरून चौकोन आखतायत.

पर्वती_पायथा
जे-स्टॅक डेडलॉक दाखवतो. तो तोडायचा कसा, हे सांगतो का? आमच्या टीममध्ये तो डम्प माझ्याआधी दोघांनी बघितला होता. आणि सीएफएस त्याच पुस्तकात आहे, लिनक्सच्या उदाहरणात. तुमच्या सरांनी ते पान सोडलं, त्यात पुस्तकाचा काय दोष?

दुसरं, तुम्ही ज्या लिनक्सच्या जिवावर बोलताय तो लिहिणारा टोरवाल्ड्स टॅननबाउमचं ऑपरेटिंग सिस्टीमचं पुस्तक वाचूनच या नादाला लागला. 1991 च्या आधी त्याने ते वाचलं आणि 1991 च्या सुरुवातीला मिनिक्स (टॅननबाउमचीच शिकण्यासाठीची छोटी सिस्टीम) चालवायला पीसी घेतला.

घाटउतार
मिनिक्स *चालवायला* घेतला! तुम्हीच लिहिलंत. त्या पुस्तकाच्या मागे चालणाऱ्या सिस्टीमचा कोड छापला होता. गॅल्विनच्या मागे काय आहे? प्रश्न.

खडूफळा
मी अठरा वर्षं हा विषय शिकवते. डिस्कच्या बाबतीत घाटउतार बरोबर आहेत. तो प्रश्न पेपर काढायला आणि तपासायला सोपा, म्हणून टिकलाय. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पण सगळंच तसं नाही. पेज रिप्लेसमेंट घ्या, म्हणजे मेमरी भरली की कुठलं पान बाहेर काढायचं. मी फळ्यावर लिहिते: 1 2 3 4 1 2 5 1 2 3 4 5. फिफो (आधी आलेलं पान आधी बाहेर), तीन फ्रेम, म्हणजे मेमरीत पानांच्या तीन जागा. मुलं मोजतात, 9 फॉल्ट, म्हणजे नऊदा हवं ते पान मेमरीत नव्हतं. मग विचारते, चार फ्रेम दिल्या तर? सगळा वर्ग म्हणतो कमी होतील. मोजतात तर 10. दर वर्षी दोन-तीन जण परत पहिल्यापासून मोजतात, आपलंच चुकलं असं वाटून. जास्त मेमरी दिली की काम सुधारतंच, हा समज तिथे कायमचा मोडतो. सर्व्हर मोडत-जोडत हे किती वर्षांनी कळेल?

घाटउतार
मॅडम, खऱ्या सर्व्हरवर शुद्ध फिफो कोण वापरतं? माझा डेटाबेस एकदा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) रात्री मारला, 'आउट ऑफ मेमरी' म्हणून. प्रोग्रामने मागितली तेव्हा मेमरी दिली होती, एरर नव्हता. मग मारला का? लिनक्स आधी हो म्हणतो आणि पानाला हात लावल्यावरच खरी फ्रेम देतो, हे मला एका जुन्या सहकाऱ्याने चहा पिताना सांगितलं. पुस्तकाने नाही.

खडूफळा
अहो, हाच तर डिमांड पेजिंगचा धडा! पान पहिल्यांदा लागेल तेव्हा फॉल्ट, मग फ्रेम. शब्दशः तेच आहे.

मिरजजंक्शन
धडा असेल हो, पण वाचणार कोण? मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. दुसऱ्या वर्षाला ते पुस्तक उघडलं आणि एका पानाला एक तास लागला. विषय अवघड नव्हता, इंग्रजी अवघड होतं. वर्गातले निम्मे आमच्यासारखेच, गाइडमधली उत्तरं पाठ करून पास झाले. 2021 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) मराठीतून अभियांत्रिकीला मान्यता दिलीय. मराठीत धड एक पुस्तक का लिहीत नाही कुणी?

खडूफळा
मराठीत लिहितात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. प्रोसेसला प्रक्रिया, प्रोसेसिंगलाही प्रक्रिया, थ्रेडला धागा. मुलगा मुलाखतीत 'धागा' म्हणाला तर नोकरी देणार कोण?

मिरजजंक्शन
मी शब्द बदला म्हटलंच नाही! प्रोसेस प्रोसेसच ठेवा, समजावून मराठीत सांगा. सेमाफोर (एकाच गोष्टीसाठी थांबलेल्या प्रोसेसना थांबवणारं-सोडणारं साधन) म्हणजे काय हे मला दोन वर्षं कळलं नाही. 'इंटिजर व्हेरिएबल' म्हणे. मग कुणीतरी सांगितलं की शब्द रेल्वेचा आहे. मी मिरजेचा! सिग्नलचा तो हात लहानपणी रोज बघितलाय. हात आडवा, गाडी उभी. हात पडला, गाडी सुटली. एका वाक्यात कळलं. आणि त्यातले पी आणि व्ही (थांबा आणि सोडा या दोन क्रिया) कुठून आले? सेमाफोर काढणाऱ्या डाइक्स्ट्राने आपल्या डच शब्दांची आद्याक्षरं घेतली. त्याला त्याची भाषा चालली, मग आम्ही मराठीत विचार केला की एवढं वाईट का वाटतं?

पर्वती_पायथा
भाषेचं वेगळं लिहा ना. इथे मुद्दा पुस्तक वाचावं की नाही हा आहे.

मिरजजंक्शन
तुम्हाला इंग्रजी येत होतं म्हणून तुमच्यासाठी हा वेगळा मुद्दा. माझ्यासाठी हाच मुद्दा आहे.

शेवटचं_वर्ष
मी लहान आहे, पण बोलते. आम्हाला फोर्कचा (चालू प्रोसेसची नक्कल काढून नवी प्रोसेस करणाऱ्या कॉलचा) प्रश्न असतो: तीन फोर्क, किती प्रोसेस? आठ, पाठ. मी घरी चालवून पाहिलं. आधी एक ओळ छापली, मग एकच फोर्क. टर्मिनलवर ओळ एकदा आली. तोच प्रोग्राम फाइलमध्ये वळवला तर दोनदा! मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. दोन तास गेले. मग पुस्तकात परत वाचलं की फोर्क आईची सगळी मेमरी पोराला देतो, तेव्हा उजेड पडला. फाइलला लिहिताना ओळ बफरमध्येच (छापण्याआधी मेमरीत साठवतात तिथे) पडून होती, त्या बफरचीही नक्कल झाली आणि दोघांनी आपापली छापली. चालवलं नसतं तर प्रश्न पडला नसता. वाचलं नसतं तर उत्तर मिळालं नसतं.

घाटउतार
हे चांगलं केलंस बाळा. बफरचं मला कामात दोनदा नडलंय, लॉगमध्ये दुप्पट ओळी. तेव्हा मी फक्त फ्लश (बफर लगेच रिकामा करणारी आज्ञा) टाकून पुढे गेलो, कारण शोधलं नव्हतं.

मॅडम, काल रात्री डिमांड पेजिंगचा धडा काढून वाचला. आहे त्यात, मान्य. पण डिस्कचा धडा अभ्यासक्रमातून जाईपर्यंत मी भांडणार.

खडूफळा
भांडा. मी अभ्यास मंडळाला दोनदा लिहिलंय, तिसऱ्यांदा लिहीन.

मिरजजंक्शन, तुमचा तो सिग्नलचा हात मी सोमवारी वर्गात सांगणार आहे. शब्द मात्र सेमाफोरच ठेवणार.

मिरजजंक्शन
ठेवा. आणि पी-व्ही सांगताना तो डच होता, हेही सांगा.