उलटा चावा असेल तर थांबू नका

सात वर्षांच्या लेकराच्या दातांचं काय करावं, असं एका ताईंनी विचारलं, तर ‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू’ असं कुणी सुचवलंय. पण ताई, लेकराचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, म्हणजेच उलटा चावा असेल, तर आत्ताच ऑर्थोडॉन्टिस्टला (दात-जबडा नीट रांगेत आणणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा. नुसते वाकडे दात बाराव्या-तेराव्या वर्षीही तारेने सरळ होतात. मागे राहिलेला वरचा जबडा मात्र साधारण 8 ते 10 वर्षांच्या आतच नीट पुढे येतो. टाळूच्या मधला सांधा तोवर कच्चा असतो.

माझ्या भाचीला कोल्हापुरात राजारामपुरीत टाळूला एक्सपान्डर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारा साचा, बसवला. रोज रात्री त्याची चावी फिरवायची. पुढच्या दोन दातांत फट पडली तशी बहीण घाबरली, पण ती जबडा रुंदावल्याची खूण. पुढे आपोआप मिटते. फेसमास्क (वरचा जबडा पुढे ओढणारं, चेहऱ्यावर बाहेरून लावायचं साधन) सांगितला तर रोज 12-14 तास लागेल, म्हणजे शाळा सुटल्यापासून सकाळपर्यंत. किडलेले दात आधी भरून घ्या.