ऑटोरोटेशनचा सराव जमिनीला टेकेपर्यंत करावा का?

पाकोळी
ऑटोरोटेशनचा सराव म्हणजे हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलंय असं धरून थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ) मिटायचा, खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवायची आणि तसंच उतरायचं. हलक्या हेलिकॉप्टरचे कितीतरी अपघात नेमके या सरावात होतात. शेपटी आपटते, नाहीतर टेकताना यंत्र कलंडतं. आणि इंजिन तर ठणठणीत असतं! हलकी हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीची यावर स्वतंत्र सुरक्षा सूचना आहे. क्वचितच बंद पडणाऱ्या इंजिनाच्या तयारीत दरवर्षी अनेक हेलिकॉप्टरं मोडतात, असा तिचा आशय आहे. माझ्या मते शिकाऊ वैमानिकाने पॉवर रिकव्हरीच करावी, म्हणजे इंजिनाची ताकद परत घ्यावी. जमिनीपासून काही फुटांवर थ्रॉटल उघडायचा आणि तरंगत थांबायचं.

वातकुक्कुट
अजिबात पटलं नाही. खरं इंजिन बंद पडेल तेव्हा उघडायला थ्रॉटलच नसेल. सगळं कौशल्य शेवटच्या दहा फुटांतलं आहे: फ्लेअर (वेग मारायला नाक वर उचलणं) संपवून नाक सरळ करणं, बाजूला सरकणं थांबवणं आणि कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारी दांडी) नेमक्या क्षणी ओढणं. ती ओढ एकदाच मिळते. लवकर ओढलीत तर वरून पडाल, उशिरा ओढलीत तर आपटाल. नेमका हाच भाग तुम्ही अभ्यासातून काढून टाकताय.
२१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक जाँ बुले लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटरवर गेले. तिथे इंजिन विझलं आणि ते ऑटोरोटेशनमध्ये थेट जमिनीपर्यंत सुखरूप उतरले. तंत्र भरवशाचं आहे, ते पूर्ण शिकवा.

गणिती
बुले यांच्याकडे उंची होती, म्हणजे वेळ होता. शिवाय ते कसलेले चाचणी वैमानिक होते. रॉबिन्सनच्या आर-२२ सारख्या यंत्राची पाती हलकी असतात, त्यांत साठलेली ऊर्जा मुळातच थोडी. ती फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ९० टक्क्यांवर आला की ऊर्जा ८१ टक्के उरते. ताकद गेल्यावर कलेक्टिव्ह खाली करायला सेकंदभर उशीर झाला तरी फार झाला, कारण एका मर्यादेखाली पाती हवेवरची पकड सोडतात आणि मग ती परत येत नाही. अमेरिकेत १९९५ पासून आर-२२ आणि आर-४४ साठी वेगळा प्रशिक्षण नियम आला. रोटरचा (फिरत्या पात्यांचा) कमी आरपीएम हा त्यातला एक मुख्य विषय आहे.
त्या सुरक्षा सूचनेतली १०० फुटांची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या उंचीवर हे सगळं हवं: आरपीएम मापकावरच्या हिरव्या (सुरक्षित) पट्ट्याच्या मध्यावर, वेग ६० ते ७० नॉट, खाली येण्याची गती नेहमीइतकी आणि वळण पूर्ण झालेलं. यातलं एक जरी नसेल तर तिथेच ताकद घ्यायची. अपघात बहुतेक "सावरेन खाली जाता जाता" या आशेत होतात.

निळाई
मी शिकतेय, म्हणून लिहिते. सलग ऑटोरोटेशन करत गेलं की हात आणि डोकं दोन्ही थकतात, आणि प्रशिक्षकाचंही तेच होत असणार. कंपनीही सलग तीन-चारपेक्षा जास्त नको म्हणते. आणि प्रशिक्षकाने न सांगता अचानक थ्रॉटल मिटणं तर बंदच व्हायला हवं. त्याने शिकवलं काहीच जात नाही, फक्त धोका वाढतो.

वातकुक्कुट
निळाई, थ्रॉटलबद्दल शंभर टक्के सहमत. १०० फुटांची अटही मान्य. पण पॉवर रिकव्हरी म्हणजे सुरक्षित, हे गृहीत धरू नका. थ्रॉटल उशिरा उघडला तर इंजिन वेळेत साथ देत नाही, घाईत उघडला तर नाक गर्रकन फिरतं. तिथेही यंत्रं मोडली आहेत.

पाकोळी
ठीक. मग टेकेपर्यंतचं ऑटोरोटेशन प्रशिक्षकाला पक्कं येऊ दे, तो करून दाखवेल. शिकाऊ माणसाच्या हाती ते देण्याला माझा विरोध कायम आहे.

वातकुक्कुट
पाहून कलेक्टिव्हची वेळ हाताला कळत नाही. वारा समोरून, मैदान सपाट आणि १०० फुटांवर सगळं जागेवर असेल, तर शिकाऊला टेकू द्या, प्रशिक्षकाचे हात दांड्यांपाशीच असू द्यात. एक अट मोडली की ताकद घ्या आणि पुन्हा फेरी मारा.