मदत हवी आहे: पी-१४ ची मॅग्नम केली, मॅगझिनमधलं काडतूस उडतंय

आल्बर्टाचा_आबा (धागाकर्ता)
जाणकारांनी जरा लवकर मार्गदर्शन करावं, एल्कचा सीझन तोंडावर आलाय. जुन्या पी-१४ ची, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, ३०० मॅग्नम करतोय, जादा ताकदीच्या काडतुसासाठी. नळी बसली, दस्ता आला, दुर्बीण चढली. मॅगझिनमधून उजवीकडचं काडतूस झकास जातं, डावीकडचं नाक वर करून उडतं, कधी थेट बाहेरच पडतं. वर बोल्टही जड लागतो, तळहाताने ठोकावा लागतो. मॅगझिनची स्प्रिंग बदलून पाहिली, ढिम्म फरक नाही. कुठे घासू तेवढं सांगा.

कोकणी_कानस
कुठेही घासू नका. आधी एवढं सांगा:
३०० कुठली? एच अँड एच, विनचेस्टर, वेदरबी, सगळ्या ३०० च.
रिसिव्हरवर (नळी आणि बोल्ट धरणारा सांगाडा) खूण काय आहे? डब्ल्यू, आरई की ईआरए?
नळी कोणी बसवली, हेडस्पेस गेज (चेंबरची खोली तपासणारं माप) लावून पाहिला का?
बोल्ट नेमका कुठे जड? पी-१४ पुढे ढकलतानाच कॉक होते (फायरिंग पिनची स्प्रिंग ताणली जाते), त्यामुळे शेवटचा इंचभर जोर लागणं साहजिक आहे. दांडा खाली वळवताना जड असेल तर दुखणं वेगळं.
आणि सगळी चाचणी डमी काडतुसांवरच करताय ना? जिवंत काडतूस भरून तळहाताने बोल्ट ठोकत असाल तर आजच थांबा.

माउझर_९८
मुळात पी-१४ घेतलीच कशाला? भलं मोठं धूड, मागे कान, खाली पोट. एखादी चेक व्हीझेड-२४ घ्यायची. मोठ्या रिंगचा १.४१० इंची रिसिव्हर, मागे तिसरा सुरक्षा लग (बोल्ट अडकवणारा दात), आणि पुंगळी फाटली तर गॅस वाट काढून बाजूने जातो. सुटे भाग जगात कुठेही मिळतात.

नळीवाला
माउझरभक्त आले! व्हीझेड-२४ च्या बोल्टचं तोंड ०.४७३ इंचाचं, मॅग्नमच्या पुंगळीची कड (रिम) ०.५३२. म्हणजे केस-हार्डन केलेल्या बोल्टचं तोंड कार्बाइडने मोठं करा, मग एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी ओढून काढणारा आकडा) नख बदला. पी-१४ मुळात ३०३ साठी, तिची रिम ०.५४०. बेल्टवालं (तळाशी जाड पट्टा असलेलं) मॅग्नम त्या तोंडात जवळजवळ आयतं बसतं. लोक ही ॲक्शन (रिसिव्हर-बोल्टची जोडी) मॅग्नमसाठी शोधतात ते उगाच नाही. निकेल स्टील, पुढे दोन दणकट लग. रेमिंग्टनने १९२१ मध्ये मॉडेल ३० काढली ती याच सांगाड्यावर.

माउझर_९८
निकेल स्टीलचं कौतुक असू द्या. एडिस्टोन कारखान्याचे पी-१४ रिसिव्हर तडकतात त्याचं काय?

आल्बर्टाचा_आबा
अहो भांडू नका. ३०० विन मॅग, अजून कुठली असणार! खूण ईआरए आहे. नळी गावातल्या एका वर्कशॉपात बसवली, गेजचं माहीत नाही, "बोल्ट बंद होतो" म्हणाले. जड लागतो तो वळवतानाच. मॅगझिनची पेटी एम-१९१७ ची (पी-१४ चीच अमेरिकी बहीण, ३०-०६ काडतुसाची) लावली आहे, ३०-०६ ची डमी मोकळी बसते, तेव्हा लांबीचा प्रश्न नाही. डमीच वापरतोय, चिंता नसावी.

कोकणी_कानस
ईआरए म्हणजे एडिस्टोन. माउझर_९८ यांचा टोमणा इथे खरा ठरतो. तिथल्या नळ्या कारखान्यातच फार घट्ट आवळलेल्या असत, काही रिसिव्हर गरजेपेक्षा कडकही झालेले आहेत. जुनी नळी लांब पाना लावून तशीच पिळून काढली असेल तर पुढच्या रिंगला केसासारखी चीर पडू शकते. बरोबर पद्धत म्हणजे लेथवर रिसिव्हरच्या तोंडाला लागून नळीच्या खांद्यात खोल खाच मारायची. ताण सुटतो, मग नळी हाताच्या जोराने फिरते. खाच मारली होती का ते त्या वर्कशॉपाला विचारा. नसेल तर नळी उतरवून रिसिव्हरची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक आणि लोहचूर्णाने चीर शोधतात ती) करून घ्या. साध्या डोळ्याला ती चीर दिसत नाही, आणि ब्लूइंगखाली (पोलादावरचा निळा-काळा थर) तर मुळीच नाही.

आता बोल्ट. फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही काढा. नागडा बोल्ट घेऊन बेल्टेड मॅग्नमचा गो गेज लावा, ०.२२० इंचाचा. दांडा फक्त बोटाच्या वजनाने खाली आला पाहिजे. आला, तर चेंबर ठीक आणि दोष एक्स्ट्रॅक्टरचा. अडला, तर चेंबर उथळ आहे. मग ते काम रीमरवाल्याचं, तुमचं नव्हे. नो-गो वर (त्याहून किंचित मोठा गेज) मात्र बंद होता कामा नये.

सातारी_तर्री
मी पुण्याहून. हे काम इथे करून मिळेल का? आजोबांची ३१५ रायफल आहे.

नळीवाला
आबा, एक्स्ट्रॅक्टरच असणार, पैज लावतो. पी-१४ चं नख ३०३ च्या रिमवाल्या पुंगळीसाठी घडवलेलं आहे. मॅग्नमच्या खोबणीत ते तळाला टेकतं नाहीतर बेल्टच्या कडेला घासतं, आणि बोल्ट वळताना पुंगळी नखात आवळली जाते. मार्करने नख रंगवा, डमी चढवा, बाहेर काढा. रंग जिथून गेला तेवढंच, तेलाच्या दगडाने, कानसने नाही. आतल्या खालच्या कडेला किंचित उतार द्या, म्हणजे कड खालून सरकत वर येईल. पुंगळी नखात सैल नको, बोल्ट हलवला तर पडू नये.

रिज_रनर
३०० कशाला? मूस असेल तर ३३८ विन मॅग, सरळ हिशोब. कड तीच, लांबी तीच ३.३४०, नळी तेवढी वेगळी. आणि करायचंच आहे तर ४६० वेदरबी करा, नाव निघेल.

नळीवाला
४६० चा पाया ३७८ वेदरबीचा, कड ०.५७९, बोल्टचं तोंड पुन्हा कापावं लागेल. शिवाय कॅनडात मे २०२० पासून १०,००० ज्यूलच्या वरची रायफल प्रतिबंधित आहे आणि ४६० त्याच हद्दीवर आहे. उगाच फुकटचा सल्ला देऊन लोकांना अडकवू नका.

आल्बर्टाचा_आबा
नळी ३०० ची बसली आहे, तो विषय संपला. एक्स्ट्रॅक्टर काढून गेज लावला, क्लबातल्या एकाकडे मिळाला. गो वर दांडा आपोआप खाली, नो-गो वर अर्ध्यातच अडला. म्हणजे नळीवाला पैज जिंकले. पण उडण्याचं काय?

कोकणी_कानस
पेटीची आतली रुंदी मोजा, मागे आणि पुढे. दोन रांगांत काडतुसं नीट बसायला रुंदी लागते ती पुंगळीच्या व्यासाच्या १.८६६ पट. ३०-०६ चा तळ ०.४७०, म्हणजे ०.८७७ इंच. तुमच्या मॅग्नमचा बेल्टच्या पुढचा व्यास ०.५१३, म्हणजे ०.९५७. बेल्टपाशी ०.५३२ धरला तर ०.९९३. पेटी अरुंद असेल तर काडतुसं एकावर एक उभी राहतात, वरचं काडतूस रेलखाली (मॅगझिनच्या तोंडावर काडतूस धरणाऱ्या रिसिव्हरच्या कडा) न जाता मध्यावर येतं आणि सुटतं. फार रुंद झाली तर आडवी पडून एकमेकांत पाचर बसते.

आणि खरं सांगा, रेल आधीच घासल्यात का? उजवी बाजू चांगली आणि डावी बिघडलेली, हे जन्मजात दुखणं वाटत नाही.

आल्बर्टाचा_आबा
मागे ०.९१, पुढे जरा कमी.
रेल... डावी थोडीशी घासली आहे. ड्रेमेलने. सुरुवातीला डावीकडचं काडतूस अडकत होतं म्हणून.

माउझर_९८
घ्या! धाग्याचं खरं शीर्षक आत्ता कळलं.

कोकणी_कानस
हेच पहिल्या पोस्टीत लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.
झालं असं. पेटी अरुंद, म्हणून काडतूस अडकत होतं. दोष पेटीचा, कात्री चालली रेलवर. आता डावी रेल काडतूस वेळेआधी सोडते. काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडात शिरेपर्यंत त्याचा मागचा भाग रेलने धरून ठेवायचा असतो. बोल्टच्या तोंडावर कड सरकायला लागली की मग सोडायचा. तुमची रेल त्याआधीच हात सोडते आहे.

दुरुस्तीचा क्रम हाच ठेवा. आधी पेटी. ती पत्र्याची आहे, चुकली तर दुसरी मिळते. बाजूचे पत्रे बाहेर ढकलून मागे ०.९६ च्या आसपास आणा. दस्त्याच्या आतलं लाकूड तेवढं कोरावं लागेल, नाहीतर स्क्रू आवळले की पेटी पुन्हा दाबली जाते आणि टेबलावर चालणारी रायफल दस्त्यात बसवल्यावर अडते. मग फॉलोअर. त्याची वरची पायरी काडतुसाला कडेला ढकलते, मॅग्नमसाठी तीही जुळवून घ्यावी लागते. या पहिल्या दोन कामांतच बहुतेक दुखणी जातात. मग डमी चालवा, हळू आणि जोरात दोन्ही. हळू चालवल्यावर उडतं आणि जोरात नाही, तर रेल अजून दोषी.

तेव्हाच रेल. तिथे धातू पुन्हा भरायचा तर टिग वेल्डिंग, आणि ते मॅगझिनच्या भागातच. पुढच्या रिंगला उष्णता जाता कामा नये, लग तिथे अडकतात. त्याला ओल्या चिंध्या गुंडाळून उष्णता-शोषक पेस्ट लावणारा कारागीरच शोधा.

रिज_रनर
एवढ्यापेक्षा इशापूरची २ए१ रायफल घ्या. ७.६२ नाटोची आहे, पोलाद सुधारलेलं, ली-एन्फील्डचा बोल्ट लोण्यासारखा.

नळीवाला
लोणी आहे म्हणूनच मॅग्नमला नको. ली-एन्फील्डचे लग मागे आहेत. दाब आला की बोल्ट आणि रिसिव्हर दोन्ही लवचिकपणे ताणतात आणि पुंगळी बेल्टच्या पुढे फाटते. ३०३ चा कमाल दाब ४९,००० पीएसआय, ३०० विन मॅगचा ६४,०००. शिवाय मोठ्या पुंगळीमुळे बोल्टवर पडणारा धक्का आणखी वाढतो.

तेच १९०३ स्प्रिंगफील्ड या अमेरिकी लष्करी रायफलीबद्दल. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ खालच्या क्रमांकांना हात लावू नका. तेव्हा लोहार पोलादाचा रंग डोळ्याने बघून तापवत असे, काही जळले, ठिसूळ झाले.

माउझर_९८
९८ वर ३७५ एच अँड एच बसवायला कोणी पेटी ३.६०० पर्यंत लांब करत असेल तर त्यालाही सांगा. फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे नेणारा उतार) पुढे कोरला की खालच्या लगच्या मागचा आधार जातो. लाडकी रायफल असली तरी हे मान्य आहे.

सातारी_तर्री
माझ्या ३१५ चं कोणी बोलेल का?

कोकणी_कानस
दादा, ती इशापूरची ३१५ स्पोर्टिंग आहे, ली-एन्फील्डच्या घाटाची, काडतूस ८×५० आर. मॅग्नम विसरा. शिवाय भारतात आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती-रूपांतर करणं गुन्हा आहे, आणि ३०३, ७.६२ तर खाजगी परवान्याला बंद. शिकारही १९७२ च्या कायद्याने गेली. आहे तशी तेल लावून ठेवा.

आल्बर्टाचा_आबा
पेटी ०.९६ केली, दस्ता कोरला. नख दगडाने घासलं, बोल्ट आता बोटाने खाली येतो. डमी: दहात आठ बरोबर. दोन अजूनही डावीकडून उडतात, हळू चालवल्यावरच. पुढच्या आठवड्यात रिसिव्हर तपासणीला देतोय. खाच मारली होती का विचारलं तर वर्कशॉपवाला म्हणतो, "पाना मारला की निघाली."

कोकणी_कानस
मग तपासणीचा कागद हातात येईपर्यंत ती रायफल कपाटात. एल्क पुढच्या वर्षीही असतील. कागद चांगला आला की पहिल्या तीन फैरी टायरला बांधून, दुरून दोरीने, कारखान्याच्या काडतुसांनी. प्रत्येक पुंगळी बेल्टच्या पुढे बघा. चकाकणारी गोल रेघ दिसली तर ताण आहे, पुढची फैर नको. दोन उडतात त्या रेलचं नंतर बोलू.

सातारी_तर्री
तेल कुठलं लावू?