इट हॅपन्ड वन नाईट: तुम्ही कधी बघितलात, कोणाबरोबर आणि काय लक्षात राहिलं?

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून 'इट हॅपन्ड वन नाईट' लावला, दहा मिनिटं बघू आणि बंद करू असं ठरवून, आणि पावणेदोन तासांनी मी अंधारात एकटीच हसत बसले होते. १९३४ चा सिनेमा हो! माझी आजीसुद्धा तेव्हा परकरात असेल.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एली ही कोट्यधीश बापाची लाडावलेली लेक, तिने बापाला न जुमानता एका विमानं उडवणाऱ्या बड्या माणसाशी लग्न केलंय, बाप तिला मायामीला बोटीवर डांबून ठेवतो, ती सरळ पाण्यात उडी मारते आणि न्यूयॉर्कची बस पकडते. बसमध्ये भेटतो पीटर, नोकरीवरून नुकताच हाकललेला बातमीदार. पुढचं तुम्हाला माहिती आहेच, कारण 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' आपण सगळ्यांनी बघितलेत. माझ्या आईने आमिर-पूजाचा तीनदा बघितला होता आणि मूळ पिक्चर कुठला हे तिला मी परवा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असेल बाई.

तर लिहा. शेवट फोडला तरी चालेल, नव्वद वर्षं झालीत.

* * *

मीच सुरुवात करतो मग. आमच्या गावात ऐंशीच्या दशकात एक फिल्म सोसायटी होती, शाळेच्या हॉलमध्ये सोळा एमएमचा प्रोजेक्टर, बसायला सतरंजी, वर्गणी भरलेली असली तरी डास फुकट. तिथे हा लागला होता. ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, मोटेलच्या खोलीत दोन पलंगांमध्ये पीटर दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि म्हणतो ही जेरिकोची भिंत. बायबलमधली गोष्ट आहे, कर्णे फुंकले आणि नगराची तटबंदी कोसळली. पीटर म्हणतो, ही तेवढी जाड नसेल पण जास्त सुरक्षित आहे, कारण माझ्याकडे कर्णा नाही. तर ते कर्ण्याचं डोक्यात ठेवून आम्ही शेवटाची वाट बघतोय आणि पाचेक मिनिटं राहिलेली असताना प्रोजेक्टरचा बल्ब गेला. दुसरा नव्हता. सेक्रेटरींनी उभं राहून सांगितलं, "शेवटी भिंत पडते, या आता." मी अकरा वर्षं समजून होतो की शेवटी भूकंपबिंकप होतो.

नंतर व्हिडिओ कॅसेटवर बघितलं तर त्या दोघांना दाखवतच नाहीत. बाहेर मोटेलवाले नवरा-बायको बोलतायत की असल्या रात्री यांना दोरी आणि ब्लँकेट कशाला हवं, वर खेळण्यातला कर्णाही आणायला लावला, मग आतून कर्णा वाजतो, ब्लँकेट खाली पडतं, दिवा जातो. संपलं. काय सुचलंय!

* * *

वरच्या काकांचं वाचून हसून हसून पोट दुखलं.

माझं डोनटचं आहे. तो सीन आठवतोय ना, सकाळी नाश्त्याला ती कॉफीत डोनट बुडवून ठेवते आणि हा तिला शिकवतो की असं भिजत नाही घालायचं, बुडवायचं आणि लगेच तोंडात. कोट्यधीशाच्या मुलीला बुडवता येत नाही! आमचे सासरे एक्झॅक्टली हे करायचे. लग्न होऊन आठ दिवस झाले होते, मी चहात खारी टाकली आणि ती तुटून बशीत गाळ झाला, तर त्यांनी स्वतःची खारी घेतली, आडवी धरली, पापुद्रे वर, एकच कडा चहाला लावली आणि उचलली. "मोजायचं नाही, रंग बदलला की बाहेर." तोपर्यंत ते माझ्याशी एक वाक्य बोलले नव्हते. पिक्चर मी खूप नंतर बघितला आणि तो सीन आला तेव्हा मला पीटर झालेला क्लार्क गेबल दिसलाच नाही.

* * *

सगळे कौतुक करतायत म्हणून मी थोडं वाईट बोलते. मला अर्धा आवडला आणि अर्ध्यात चिडचिड झाली. बाप सुरुवातीलाच तिला थोबाडीत मारतो. नंतर हिरो तिला खांद्यावर टाकून ओढा ओलांडतो आणि मागे एक फटका देतो, आणि शेवटी बापाला सांगतो काय तर हिला रोज एक ठोसा देणारा माणूस पाहिजे, चूक असो वा नसो. आणि बाप खूश! जुना काळ वगैरे ठीक आहे पण मला हसू नाही आलं.

एक मात्र मान्य, लिफ्ट मागायचा सीन. तो अंगठ्याचे तीन प्रकार समजावून सांगतो, मी यावर पुस्तक लिहिणार आहे म्हणतो, आणि गाड्यांची रांग निघून जाते, एक थांबत नाही. मग ती रस्त्याकडेला जाऊन स्कर्ट जरा वर करते, लगेच करकचून ब्रेक. एली झालेली क्लोदेत कोलबेर आधी हे करायला तयारच नव्हती म्हणे, मग दुसऱ्या मुलीचे पाय घ्यायचं ठरलं तेव्हा त्या मुलीला बघून म्हणाली हे माझे पाय नाहीत, मीच करते. हे मला जाम आवडलं.

* * *

ताई, ठोशाचं पटलं. पण तो बापाशी बोलतानाचाच सीन मला सगळ्यात जास्त आवडतो, वेगळ्या कारणाने. मी सीए आहे. मुलीला शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं असतं आणि हा मागायला येतो किती, तर ३९ डॉलर ६० सेंट. हिशोब आणलेला असतो! रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सुटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. पेट्रोलसाठी विकलेल्या वस्तू सगळ्या. मी पॉज करून बेरीज केली, बरोबर येते. बाप विचारतो तुझं तिच्यावर प्रेम आहे का, तर हा टाळाटाळ करत शेवटी ओरडतो, हो! पण ते माझ्याविरुद्ध धरू नका, मीच जरा येडा आहे. ज्या माणसाने दहा हजार सोडून शर्टांचे साडेचार डॉलर मागितले त्याला आणखी काय विचारायचं. आमच्याकडे असे क्लायंट येत नाहीत.

* * *

आमच्या आजीला मी लॅपटॉपवर दाखवला, तिला इंग्लिश येत नाही, दहाव्या मिनिटाला म्हणाली अगं हे आपलं चोरी चोरी! आणि मग प्रत्येक सीनला "आता इथे गाणं" करत बसली. १९५६ चा तो, राज-नर्गिस नायक-नायिका म्हणून शेवटचे त्यातच. शंकर-जयकिशनला पहिलं फिल्मफेअर त्याच संगीताचं. गाणी येत नाहीत म्हटल्यावर आजीचा इंटरेस्ट गेला, पण बसमध्ये सगळे प्रवासी मिळून गाणं म्हणायला लागतात तिथे ती परत ताठ बसली आणि म्हणाली, बघ, यांना पण राहवेना.

* * *

थोडं ज्ञान पाजळतो, माफ करा. गेबल मेट्रो म्हणजे एमजीएम स्टुडिओचा स्टार, तो कोलंबियाला उसना दिलेला, आणि कोलंबिया तेव्हा किरकोळ स्टुडिओ समजला जायचा. कोलबेरला तर हा सिनेमा अजिबात आवडला नव्हता. ऑस्करच्या रात्री ती गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती, तिथून तिला बोलावून आणलं, प्रवासाच्याच कपड्यात बक्षीस घेतलं. चित्रपट, दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी बक्षिसं या एकाच सिनेमाला, आणि पुन्हा असं घडायला चाळीस वर्षं लागली.

आणि डिटेक्टिव्ह लोक खोलीत येतात तो सीन कोणीच कसा लिहिला नाही? दोघं नवरा-बायको असल्याचं नाटक करत इतकं कडाकडा भांडतात की डिटेक्टिव्ह खजील होऊन निघून जातात. भांडण ऐकून खात्री पटते की लग्न झालेलंच आहे. माझ्या बायकोने इथे माझ्याकडे बघितलं.

* * *

मी सहसा लिहीत नाही, टाईप करायला वेळ लागतो. वय शहात्तर. गिरगावात आमची एक खोली, दहा बाय बारा, माणसं सात. लग्न झालं तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोरी बांधली, एक टोक कॅलेंडरच्या खिळ्याला, दुसरं खिडकीच्या गजाला, आणि वर त्यांची जुनी नऊवारी टाकली, ती दुहेरी करूनही जमिनीपर्यंत पोचायची. पलीकडे सासरे, दीर, नणंदा. दिरांना झोपेत बोलायची सवय, आम्ही दोघं तोंडात पदर कोंबून हसायचो. नऊ वर्षं ती साडी तशीच होती, मधे दोनदा बदलली.

हा पिक्चर नातवाने टीव्हीवर लावून दिला. त्यात एक ब्लँकेट टांगून इतकं काय कौतुक करतायत ते मला आधी कळेना. मग ती रात्री त्याच्या बाजूला येते, रडते, म्हणते मला घेऊन चल, आणि तो म्हणतो, जा, आपल्या बिछान्यावर जा. तिथे मला फार वाईट वाटलं. ब्लँकेट एवढंसं, हाताने बाजूला सारलं की झालं. पण नाही सारता येत. ते मला माहितीये.

* * *

काकू, तुमचं दोनदा वाचलं.

काल आईला घेऊन पुन्हा बसले. तिला सगळ्यात काय आवडलं असेल तर शेवटच्या लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरसारख्या त्या ऑटोजायरोतून लॉनवर उतरतो ते, म्हणाली आपल्याकडे घोडा बरा. मग तिला डुलकी लागली. कर्णा वाजला तेव्हा दचकून उठली आणि विचारलं, "झालं का लग्न?" मी म्हटलं झालं. "कोणाशी?"