मारलेल्या शत्रूची बर्फाची नक्कल उठवायचा स्पेल, कितव्या लेव्हलचा ठेवू?

टेकडीवरचा_डीएम
कोथरूडात रविवारी डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्ट रचत फासे टाकून खेळायचा गेम) खेळतो आम्ही, मी डीएम म्हणजे खेळ चालवणारा, फिफ्थ एडिशन, २०१४ चे रूल्स, पार्टी सातव्या लेव्हलला (पात्रांची लेव्हल वेगळी, स्पेलची वेगळी). आमच्या विझार्डने (जादूगार पात्र) नेक्रोमन्सी, म्हणजे मढ्यांच्या जादूचं स्कूल घेतलंय आणि आता साहेबांचा हट्ट आहे की मारलेल्या शत्रूची बर्फाची नक्कल उठवायची, म्हणजे मढं तिथंच पडलेलं आणि शेजारच्या बर्फातून तसाच दुसरा उभा राहून आपल्या बाजूने लढणार. आयडिया खरंच भारी आहे, कॅम्पेन बर्फाळ प्रदेशातच चालूय. पण मढी उठवणारा ॲनिमेट डेड स्पेल तिसऱ्या लेव्हलचा आणि बर्फाची नक्कल बनवणारा सिम्युलॅक्रम सातव्या, मधे कुठे बसवू?

शनिवारवाडा_नंतर_बंद
सिम्युलॅक्रमच्या नादी लागूच नको. एक तर तो नेक्रोमन्सी नाहीच, इल्युजन (भासाची जादू) आहे, वर १२ तास कास्टिंग आणि १५०० गोल्डची माणकाची पूड. आणि नक्कल मूळ माणसाचे स्पेलपण घेऊन येते, उद्या हे तुझा व्हिलन जादूगार मारतील आणि परवा त्याचेच फायरबॉल तुझ्यावर. त्यातलं दोनच घे, हिट पॉइंट निम्मे आणि शून्यावर गेला की वितळला.

क्लेरिकच_बरा
टाइप अनडेडच (उठलेलं मढं) ठेव हां, सिम्युलॅक्रम कन्स्ट्रक्ट (जादूने घडवलेला) असतो, त्याच्यावर टर्न अनडेड, म्हणजे क्लेरिकची (पुजारी पात्र) अनडेड पळवून लावायची शक्ती, चालत नाही. अनडेड असला की समोरच्या क्लेरिकला काहीतरी करता येतं. आगीला व्हल्नरेबल पण कर, बर्फ आहे शेवटी.

औंधचा_लिच
वरचं सगळं बरोबर आहे पण खरी बोंब टेबलावर होते. आमच्याकडे एकाने ॲनिमेट डेडने सांगाड्यांची फौज जमवली, त्याला कॉन्सन्ट्रेशन (लक्ष धरून ठेवणं, एका वेळी असा एकच स्पेल) लागत नाही त्यामुळे वाढतच गेली, मग ह्याची टर्न आली की बाकीचे खाली जाऊन चहा पिऊन यायचे तरी हा डाइस टाकतोच आहे. नवीन स्पेल लिहूच नको. २०२० मधे समन अनडेड आलाय, तिसऱ्या लेव्हलचा, कॉन्सन्ट्रेशन, एक तास, एकच भूत. त्यात भुताचे तीन फॉर्म आहेत, चौथा बर्फाचा तू टाक. दिसायला मेलेल्यासारखा, स्टॅट मात्र स्पेलचेच. चौथ्या लेव्हलच्या स्लॉटमधून, म्हणजे जास्त ताकद खर्चून टाकला की आपोआप दोन अटॅक मिळतात.

टेकडीवरचा_डीएम
हे सोपंय राव. पण मग ट्रोल मारला काय नि गोब्लिन मारला काय, सारखंच? पोरगं तोंड पाडून बसेल.

औंधचा_लिच
मूळ प्राण्याची एखादी खोड दे ना, ट्रोलचा वास, लांडग्याची झडप, एकच. रीजनरेशन (जखमा आपोआप भरणं) मागितलं तर सरळ नाही म्हण.

शनिवारवाडा_नंतर_बंद
आणि नाव 'तोतया' ठेव, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा निघाला होता तसा. मढं ताजंच पाहिजे हेही आत्ताच लिहून घे, नाहीतर हा पिशवीत मुंडकी घेऊन फिरेल.